वीराचा टाक

माझ्या तांब्याच्या कामात फार ऊर्जा आहे, असं पुण्यातल्या एका प्रदर्शनात एक बाई मला म्हणाल्या. मी हात जोडले. ऊर्जा कसली डोंबलाची, तो राग आहे. सहा फुटी पत्रा मी महिना-महिना आतून-बाहेरून ठोकतो, तेव्हा डोळ्यांपुढे कुणाचं ना कुणाचं थोबाड असतं. बरीच वर्षं ते माझ्या थोरल्या भावाचं असायचं. पण त्या बाईंच्या हातात चहा होता, उगाच सांडला असता, म्हणून मी गप्प बसलो.

आमचं गाव शेवगावपासून आठ-दहा किलोमीटरवर. वडील टाक घडवायचे. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा चांदीचा पत्रा, विड्याच्या पानाहून लहान, त्यावर ठोकून उठवलेला देव. खंडोबा, भवानी, जोतिबा, आणि त्यांच्या शेजारी वीर. घरातला एखादा पुरुष भर वयात, मारामारीत किंवा लढाईत गेला, की त्याचा वीर होतो. तो टाकावर घोड्यावर बसतो, हातात तलवार घेतो आणि देवांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मग घरच्या सुनेनं त्याला देवांबरोबर रोज आंघोळ घालायची, कुंकू लावायचं, घास दाखवायचा. जिवंतपणी तो कसा होता, ते कुणी विचारत नाही. वडिलांनी असे शेकड्यांनी वीर ठोकले असतील, सगळे एका तोंडाचे. दोन टिंबं डोळे, एक आडवी रेघ मिशी.

लहानपणी मी वडिलांसमोर बसून शिकलो. राळ, विटेची पूड आणि तेल एकत्र तापवून लाकडी पाटावर ओतायचं. ते गार व्हायच्या आत पत्रा त्यावर चिकटवायचा. मग पोलादी कलमं घेऊन, कुठलं टोकदार, कुठलं बोथट, लहान हातोडीने एकेक घाव घालत जायचं. खालची राळ घाव झेलते, म्हणून पत्रा दबतो पण फाटत नाही. मग पत्रा तापवून सोडवायचा, उलटा चिकटवायचा, पुन्हा ठोकायचं. दादाला हे जमायचं नाही. एका जागी पाच मिनिटं बसला की त्याचे पाय थरथरायला लागायचे.

मी अकरा वर्षांचा असताना त्याला वडिलांची मोठी हातोडी हवी होती, कुणाच्या तरी सायकलचं कुलूप तोडायला. मी दिली नाही. त्याने माझा डावा हात ऐरणीवर धरला आणि तीच हातोडी पहिल्या बोटावर घातली. बोट कायमचं वाकडं झालं. वडिलांनी बांबूच्या कामट्या बांधल्या आणि म्हणाले, "कलम धराया बरंच हाय वाकडं बोट. पकड बसती." दादाला ते एक शब्द बोलले नाहीत. दादा नवसाचा होता. आमच्या घरात त्याच्यावर हात उचलायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. त्याने मात्र कुणावरही उचलावा.

मोठा झाल्यावर त्याने त्याचाच धंदा केला. उसाच्या हंगामात मुकादमांबरोबर हिंडायचा. पळून गेलेल्या मजुराला परत आणायचं असेल, कुणाला दम द्यायचा असेल, तर दादाला बोलावणं यायचं. गावातली पोरं त्याच्या मागेमागे फिरायची. मी तोवर चित्रकलेच्या शाळेत जाऊन आलो होतो, आणि घराला लागून पत्र्याची शेड टाकून तिथे तांब्या-पितळेची मोठमोठी शिल्पं ठोकत होतो. पोटासाठी जत्रेचे मुखवटे आणि टाकही करत होतो. दादा मला 'भांडीवाला' म्हणायचा.

वहिनी कोपरगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि फार हसायची. चार महिन्यांत ते हसणं बंद झालं. दादा तिला कशावरूनही मारायचा. भाकरी जाड झाली म्हणून, पातळ झाली म्हणून, आणि काहीच झालं नाही तर बघतेस काय म्हणून. एकदा तिच्या डोक्यात तांब्या घातला. एकदा भरल्या पोटावर लाथ मारली, ते मूल गेलं. पुढे मुलगी झाली, तेव्हा ती बाळंतिणीच्या खाटेवर असतानाच त्याने तिच्या मुस्काटात दिली.

मी काय करत होतो? तेच सांगायला बसलोय. मी शेडमध्ये ठोकत होतो.

एक दुपार मला पुसता येत नाही. दादाने वहिनीला अंगणात आणलं आणि पट्ट्याने मारायला सुरुवात केली. शेडच्या दारातून मला सगळं दिसत होतं. तिची चोळी पाठीवर फाटली. पट्ट्याचं बक्कल जिथे बसेल तिथे आधी पांढरं व्हायचं, मग लाल, मग रक्त यायचं. माझ्या हातात दीड किलोची हातोडी होती. उठून पाच पावलं चालायची होती फक्त. मी खाली मान घातली आणि समोरचा पत्रा जोरात ठोकायला लागलो, तिचं ओरडणं ऐकू येऊ नये इतक्या जोरात. तो दमेपर्यंत मी ठोकत राहिलो. आई तिच्या खोलीत दार लावून बसली होती.

त्या ठोकण्यातून माझं सगळ्यात गाजलेलं काम झालं. माणसाहून उंच तांब्याची एक पाठ. नुसती पाठ, डोकं नाही, हात नाहीत. वळ मी पत्र्याच्या मागच्या बाजूने उठवले, एकेक, आठवून आठवून. कुठला आडवा, कुठला तिरपा, बक्कल कुठे रुतलं, हे मला पाठ होतं. प्रदर्शनात लोक म्हणाले, हे नांगरलेलं रान आहे, ही दुष्काळी जमीन आहे. मी मान डोलावली. ते काम आता कुठल्याशा मोठ्या हॉटेलच्या दारात उभं आहे आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढतात.

ते शेडमधून हलवण्याच्या आदल्या दिवशी वहिनी चहा घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने बोट लावून एक वळ खालपर्यंत चाचपला.

"ही माझी हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, "व्हय."

"त्यो मारत हुता तवा आलात न्हाई, भावजी. बघून ठेवायला बरं जमलं तुमाला."

तिने कोपऱ्यातलं गोणपाट उचलून त्या पाठीवर टाकलं आणि निघून गेली. कुणी जोड्याने मारलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं.

दादा मेला तो भर बाजारात, सकाळी अकराच्या सुमाराला. एका खाणावळीत त्याने रस्सा पातळ आहे म्हणून वाढणाऱ्याच्या कानफटात मारली होती. तो वाढपी तासाभराने दोन मेहुण्यांना घेऊन आला. त्यांच्याकडे काठ्या होत्या आणि एक लोखंडी पहार. कांद्याच्या गोण्यांच्या मधल्या बोळात त्यांनी दादाला गाठलं. त्याने एकाचे दात पाडले, एवढं खरं. मग पहार डोक्यात बसली. मी पोहोचलो तेव्हा तो पालथा पडला होता, आणि ज्या हाताने त्याने आयुष्यभर लोकांना मारलं तो हात मनगटापासून उलटा फिरला होता. मला रडू आलं नाही. सुटलो, असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली, ती मात्र थोडीच.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. गॉगल घातलेला दादा, मागे वाघ. लोक आईला येऊन सांगायचे, मर्दासारखा गेला, तिघांना पुरून उरला. ज्यांना त्याने कधीकाळी बडवलं होतं तेही सांगायचे. आई ऐकत राहायची. तिला ते ऐकायला हवंच होतं.

वर्षश्राद्धाच्या आधी आईने पायातले चांदीचे तोडे काढले आणि माझ्यापुढे ठेवले.

"त्याचा टाक कर. वीर झाला त्यो. देव्हाऱ्यात बसवायचा."

मी म्हणालो, "आई, खाणावळीतल्या भांडणात मेला तो."

"मारामारीतच गेला न्हवं? तुझ्या बापानं किती जनांचे केले. त्यातला कोन लढाईवर गेल्ता?"

वहिनी चुलीपाशी होती. तिचे हात पिठात थांबले. त्या दुपारी ती शेडमध्ये आली, यावेळी चहा न घेता.

"भावजी, मी त्याला आंगुळ घालनार न्हाई," ती म्हणाली. "मेला तवा वाटलं सुटले. आता चांदीचा होऊन परत येनार व्हय? रोज सकाळी त्याच्या पाया पडू मी?"

"आईला तसं सांगून बघ."

"सांगितलं. या घरात ऱ्हायचं तर देव्हारा करावा लागंल म्हनल्या. न्हाईतर माहेरी जा." माहेरी तिचे आईवडील राहिले नव्हते. भाऊ होता, पण त्याने दोनदा तिला आल्या एसटीने परत पाठवलं होतं. मुलगी दहावीला होती. "मी कुठं जाऊ?"

मी तिला शब्द दिला. म्हणालो, टाक असा बिघडवतो की आईच म्हणेल हा नको. पत्रा चिरेल, घोडा गाढवासारखा दिसेल, काहीतरी करतो. ती गेली. माझ्या शब्दाची किंमत तिला ठाऊक होती.

आणि मी खरंच ठरवून बसलो होतो. तोडे वितळवले, पत्रा काढला, राळेवर चिकटवला. पहिला घाव मुद्दाम वेडावाकडा घातला. पण पस्तीस वर्षांच्या सवयीचा हात, त्याने दुसऱ्या घावाला तो वाकडेपणा घोड्याच्या मानेत जिरवून टाकला. मान अशी वळली की घोडा फुरफुरतोय असं वाटावं. मी चिडलो. जितका चिडलो तितका हात नेमका पडत गेला. दादाचा एकेक मार आठवायचा, माझं बोट, वहिनीचं पोट, तिची पाठ, आणि कलमाखाली टापा उठायच्या, आयाळ उठायची, तलवारीचं पातं उठायचं. चार दिवसांत मी आयुष्यातला सगळ्यात देखणा टाक केला. नालायक माणसाचा नालायक भाऊ मी, दुसरं काय.

वहिनीने पाहिला आणि म्हणाली, "लई देखना केलात."

आमच्या घरची एक रीत आहे. टाक पुरा झाला तरी डोळे कोरे ठेवायचे. ज्या घरात तो बसणार त्या घरची जी बाई त्याला रोज आंघोळ घालणार, तिने येऊन डोळ्यांची दोन टिंबं स्वतःच्या हाताने उठवायची. म्हणजे तो आधी तिला बघतो आणि तिला ओळखतो. गिऱ्हाइकांच्या बायका लाजत यायच्या, वडील कलम धरायचे, त्या हातोडीने टिचकी मारल्यागत टुक टुक करायच्या आणि पदर सावरून नमस्कार करायच्या. आईनेही आमच्या देव्हाऱ्यातल्या एका वीराचे डोळे असेच उघडले होते.

रविवारी सकाळी आईने शेड झाडून घेतली, पाटाभोवती रांगोळी काढली. वहिनी अंघोळ करून आली. मी तिच्या हातात सगळ्यात बारीक कलम आणि लहान हातोडी दिली, आणि पाट दोन्ही गुडघ्यांमध्ये घेऊन हातांनी दाबून धरला.

आई म्हणाली, "हळू हां. नाजूक पत्रा हाय."

वहिनीने कलम उजव्या डोळ्यावर टेकवलं आणि हातोडी खांद्यापासून आणून घातली. कलम चांदीतून आरपार जाऊन राळेत रुतलं. आई ओरडली. वहिनीने कलम उपसलं आणि डाव्या डोळ्यावर घातलं, तेही आरपार. मग ती थांबलीच नाही. तोंडावर, छातीवर, तलवारीच्या हातावर. कलम निसटून पडलं तसं तिने नुसत्या हातोडीने सुरुवात केली. दात विचकलेले, कपाळावरचे केस डोळ्यांत गेलेले, आणि प्रत्येक घावाला तोंडातून "हं, हं" असा आवाज, लाकूड फोडताना येतो तसा. राळेचे तुकडे उडून माझ्या तोंडावर येत होते. एक घाव चुकून माझ्या अंगठ्यावर बसला, नख फुटलं, रक्त आलं. मी पाट सोडला नाही. उलट तो हलू नये म्हणून आणखी घट्ट आवळून धरला. तिच्यासाठी मी आजवर केलेलं ते एकुलतं एक काम.

आईने मागून तिचा अंबाडा धरून ओढलं आणि फाडकन मुस्काटात दिली. वहिनी वळली. हातोडी तिच्या हातात होती आणि हात वर होता. दोघींमध्ये वीतभर अंतर होतं. आई मागे सरकली नाही. खरं सांगतो, त्या क्षणी हातोडी खाली आली असती तरी मी वहिनीला दोष दिला नसता. मी उठायचंही विसरलो होतो. वहिनीने हातोडी कोपऱ्यात भिरकावली. पितळेचा एक मुखवटा खणकन खाली पडला.

आई खाली बसली. पाटावरचा चेंदामेंदा तिने बोटांनी चाचपला आणि माझ्याकडे वळली.

"खंडित झाला. डाग दिऊन जोड. तुला येतं."

मला येत होतं. चांदीचा डाग देऊन भोकं बुजवली असती, घोडा पुन्हा उठवला असता, आठ दिवसांत कुणाला पत्ता लागला नसता. वहिनी माझ्याकडे बघत होती. तिच्या गालावर आईची पाच बोटं उमटली होती.

मी पत्रा चिमट्याने राळेवरून उचकटला, मुशीत टाकला आणि गॅसची ज्योत त्यावर सोडली.

"काय करतुयास? आरं काय करतुयास!" आई माझ्या पाठीवर बुक्क्या मारायला लागली. चिकटलेली राळ काळा धूर सोडत जळाली. घोड्याचे पाय आधी गेले, मग मान, मग स्वार. मी म्हणालो, "आई, दुसरा करणार नाही. कुणालाही करू देणार नाही. आणि वहिनी कुठे जाणार नाही. घर माझंही आहे." हे वाक्य मी वीस वर्षं आधी बोलायला हवं होतं, तेव्हा त्याचा काही उपयोग झाला असता.

चांदीचा रस झाला. मी तो विटेवर ओतला. त्याचा गोळा झाला आणि लालीची झाक जाऊन तो वरून राखाडी झाला. आत आग तशीच असते, हे त्या घरात बायका-पोरांसह सगळ्यांना ठाऊक होतं. आईने हात घातला आणि तो गोळा मुठीत धरला.

चर्र असा आवाज आला आणि जळक्या कातडीचा वास. आईने मूठ उघडली नाही. ओरडलीही नाही, नुसते ओठ आवळले. मी धावलो, पण वहिनी माझ्या आधी पोहोचली. तिने आईचं मनगट गुडघ्याखाली दाबलं आणि एकेक बोट उचकटून काढलं. गोळा जमिनीवर पडला तेव्हा त्याला कातडं चिकटलेलं होतं. वहिनीने आईला ओढत पाण्याच्या बादलीपाशी नेलं आणि तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून धरला.

तेव्हा आई रडली. मुलगा गेला तेव्हा ती लोकांसारखी रडली होती, हे वेगळं होतं. नाकातून शेंबूड वाहत होता आणि पुसायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता.

"मला समदं ऐकू यायचं गं," ती म्हणाली. "दार लावलं तरी ऐकू यायचं. हा ठोकायचा, त्यातनं बी ऐकू यायचं. मी कान दाबून बसायचे, तरी यायचं."

वहिनीने तिचा हात पाण्याबाहेर येऊ दिला नाही. पदराने तिचं नाक पुसलं.

"म्हाईत हाय मला, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमाला ऐकू जावं म्हनून तर मी तुमच्या दाराकडं तोंड करून वरडायचे."